आठ चौकोन

कागद वरून आला. तरंगत, गिरक्या घेत, थेट माझ्या मांडीवर.

शिकागोहून नेपरव्हिलला जाणाऱ्या आमच्या ट्रेनला वर एक छोटा मजला आहे. तिथे एकेकट्या सीट्स असतात. एकटं राहू इच्छिणारी माणसं वर बसतात, उरलेली आम्ही खाली, जोडीच्या सीटवर. मी वर पाहिलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि कठड्यावरून एक गोंधळलेला चेहरा खाली वाकला होता. कानाला फोन.

"हो आई... टोपी घातलीय. हो, कानावरून."

डोक्यावर फक्त केस होते.

कागद घ्यायला तो खाली आला, तेव्हा मी अस्सल मराठीत म्हटलं, "आईशी खोटं बोलता?"

तो कानांपर्यंत लाल झाला. टोपी नसण्याचा हा एक फायदा — कान दिसतात.

"शार्दूल," तो म्हणाला. "मूळ सातारा."

"आसावरी. आणि या कागदावर हे काय लिहिलंय? उर्दू?"

"नाही, गुरानी. इराण-इराकच्या सीमेवरच्या डोंगरात बोलतात. माझे घरमालक हैदरकाका तिकडचे. त्यांना बहिणीला पत्र टाइप करायचंय. त्यांची अक्षरं असलेला फॉन्टच मिळेना, म्हणून मी बनवतोय."

"अभ्यास सोडून?"

"हाच अभ्यास. प्रोजेक्ट म्हणून चालवलाय."

तो बोलता बोलता शेजारी बसला. मी मनात नोंद केली — वरचा माणूस, आज खाली.

दुसऱ्या दिवशीही खाली. त्या महिन्यात सतरा वेळा खाली, दोनदा वर. आणि त्या दोन्ही वेळी माझ्या शेजारी कुणीतरी जाडजूड गृहस्थ बसलेले. मी मोजत नव्हते हं... फक्त लक्षात राहायचं.

त्यानं मला उजवीकडून डावीकडे लिहायला शिकवलं. ल-वर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी इवलीशी खूण काढली की तो जाड ल होतो. काही अक्षरं दोन्हीकडे हात धरतात. काही मागच्याचा हात घेतात, पण पुढच्याला आपला देत नाहीत.

"तुझ्यासारखी," मी म्हटलं.

"माझ्यासारखी कशी?"

"बघ विचार करून."

सगळ्यात आधी त्यानं माझं नाव लिहिलं होतं. आठ अक्षरं. मराठीत चारात भागतं, मी तक्रार केली.

"पूर्वी गुरानी लिहिणारेही सगळे स्वर लिहीत नसत," तो म्हणाला. "वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. आता बहुतेक सगळे लिहितात."

"बरं करतात. समजून घेता घेता माणूस म्हातारा होतो."

तो हसला. खिडकीबाहेर दिवे लागले होते... आणि बोलायचं ते तो तेव्हाही बोलला नाही.

मग फेब्रुवारी आला आणि मला नोकरी लागली, दूर दक्षिणेत, अल्फारेटाला. शनिवारची फ्लाइट. मंगळवारी त्याची मेल आली. उघडली, तर एकही अक्षर नाही. नुसते रिकामे चौकोन. मला वाटलं, काहीतरी बिघडलं असेल, उद्या सांगेल. बुधवारी तो वर बसला. गुरुवारीही वर. वळूनसुद्धा पाहिलं नाही. मलाही राग येतो. मीही पाहिलं नाही. (चारदा पाहिलं.)

शुक्रवारी ऑफिसात मी ते चौकोन मोजले. चौतीस. शेवटचा शब्द, स्वल्पविरामानंतरचा — आठ चौकोनांचा.

आठ. माझ्या नावाची अक्षरं.

संध्याकाळी तो ट्रेनमध्ये वर बसला होता. मी पहिल्यांदाच त्या अरुंद जिन्यानं वर गेले आणि त्याच्या सीटजवळ वाकून उभी राहिले.

"उत्तर द्यायचं नसेल तर राहू दे," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मी समजून घेतलंय."

"काय समजलास? मला फक्त चौकोन आलेत. चौतीस."

तो वळला. "चौकोन? म्हणजे फॉन्ट..." त्यानं कपाळाला हात लावला. "आसावरी, तो फॉन्ट तर जगात दोनच कॉम्प्युटरवर आहे. माझ्या आणि हैदरकाकांच्या!"

"धन्य आहेस. अख्खी लिपी उभी केलीस आणि ज्या मुलीला लिहिलंस तिलाच..." मी पेन पुढे केलं. "हाताला फॉन्ट लागत नाही. लिही. लाइल स्टेशन मागे गेलंय, नेपरव्हिलला चारच मिनिटं आहेत."

त्यानं मांडीवर कागद ठेवून लिहिलं. मी एकेक अक्षर लावत, बोट फिरवत वाचलं. अक्षरं गुरानी, शब्द मराठी, आणि सगळे स्वर होते. काही म्हणता काही समजून घ्यायचं उरलं नव्हतं.

*वरच्या सीटवर आता करमत नाही, आसावरी.*

ट्रेन मंदावली. नेपरव्हिल. खाली पार्किंगमध्ये, मी जिच्याकडे राहते त्या संध्यामावशीची गाडी उभी दिसत होती, वायपर हलत होते.

"उतरायचं ना?" तो अगदी हळू म्हणाला.

"खाली चल," मी म्हटलं. "जोडीची सीट रिकामी झालीय. ही ट्रेन पुढे ऑरोरापर्यंत जाते."

"आणि उद्या अल्फारेटा?"

"तिकडेही फोन असतात. आणि माझ्या कॉम्प्युटरवर आधी तो फॉन्ट टाक. मला रोज वाचायचंय."

मावशीला मेसेज केला — उशीर होईल, सांगण्यासारखं आहे. दारं बंद झाली. त्यानं हात पुढे करून माझा हात धरला, स्वतःहून. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी माझी लोकरीची टोपी काढून त्याच्या डोक्यावर चढवली, कानांवरून नीट खाली ओढली.

"हो आई," तो माझ्याकडे बघत म्हणाला, "टोपी घातलीय."