तुम्ही जेवलात ना?

सीमालोप केंद्र सुरू झाल्यापासून नीलमोहर सोसायटीत पार्किंगवरून एकही भांडण झालं नव्हतं. सगळ्या गाड्या सगळ्यांच्याच होत्या. एका गृहस्थांनी शेजाऱ्याची दाढ ठणकते म्हणून स्वतःची काढून घेतली, आणि दोघांनाही बरं वाटलं.

उजव्या कानामागे, मेंदूत, नखाएवढा एक भाग असतो. ‘इथवर मी, पुढे जग’ ही रेघ तो ओढतो. चुंबकाच्या सौम्य झटक्याने ती पुसायची, यालाच सीमालोप म्हणत. पूर्वी ज्यासाठी जन्मच्या जन्म लागायचे, ते आता चहा निवायच्या आत व्हायचं.

रघुवीर देवस्थळीला अद्वैत तत्त्वतः मान्य होतं. फक्त नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत ती आपली असावी, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोने, कुमुदने, मात्र दोन आठवड्यांपूर्वी सीमालोप करून घेतला.

आज ती ओट्यापाशी कोसळली.

केंद्रातल्या डॉक्टर ऐनापुरेंनी तिला सलाईन लावलं. "किती दिवस उपाशी आहेत या?"

"उपाशी? छे! रोज जेवते की."

"तुम्ही पाहिलंत?"

रघुवीर अडखळला. "ती... आमच्या मागून बसते. विचारलं की म्हणते, तुम्ही जेवलात ना, माझं पोट भरलं. अहो, लग्नापासून म्हणतेय!"

"तेव्हा ते खोटं होतं, देवस्थळी. आता खरं झालंय."

"म्हणजे?" रघुवीरने विचारलं.

"पोट ओरडतंय," डॉक्टर म्हणाल्या, "पण कुणाचं, ते मेंदूला कळत नाही. तुम्ही जेवलात की हिशेब मिटला."

"मग ओढा ना ती रेघ परत!"

"ओढता येते. पण नियम आहे, पेशंटने स्वतः म्हणायचं, ‘मला हवंय.’ आणि ‘मला’ म्हणजे कोण, तेच तर आम्ही पुसलंय. सलाईनवर जन्म निघत नाही. काहीतरी खायला घाला आधी."

त्याने तिनेच सकाळी भरून दिलेला डबा उघडला. वरणभात कालवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. घास तिच्या ओठांशी नेला. "कुमुद, ऐक माझं. हा तुझा घास."

कुमुदने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहून प्रसन्न हसली, घास हळूच त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्याच तोंडात घातला.

सवयीने त्याने तो गिळला.

कुमुदने तृप्तीचा ढेकर दिला.