काचेआडचा कॅप्टन

परळच्या इस्पितळातल्या कँटीनमध्ये त्या सोमवारी एकच विषय होता. आदल्या सकाळी टीव्हीवर लागलेला 'दूरचा ग्रह'चा भाग. कॅप्टन शेखर झालेला रघुवीर त्यात पडदाभर रडला होता, आणि निम्म्या नर्स अजून त्याच रडण्यात होत्या.

"काय काम केलंय गं त्याने," शांता म्हणाली. ती वॉर्डातली नर्स, रघुवीरच्या चेहऱ्याची जुनी भक्त.

"मला नाही आवडलं," उर्मिला म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, रोज खोताच्या वाडीतून बसने यायची, आणि कुणी मत विचारलं नाही तरी द्यायची. "चेहरा दिसला की तो अभिनय करतो. त्याच्या आधीचं बघ ना. हेल्मेट घालून यानाच्या खिडकीशी पाठमोरा उभा आहे, पृथ्वी लहान लहान होत चाललीय. नुसते खांदे दिसतात... मला तिथे रडू आलं."

शेजारच्या टेबलावरचा माणूस चहा पिता पिता थांबला. उंच, सडपातळ, आईचा रिपोर्ट न्यायला आलेला.

"पाठीवरून एवढं कळतं?"

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण सांगा ना."

तिने सांगितलं. त्याने इतकं मन लावून ऐकलं, की तिचा चहा गार झाला.

त्याचं नाव महादेव. गिरणीत साच्यावर विणकर होता, संपानंतर त्याला परत घेतलं नाही. आता मिळेल ते करतो, एवढंच म्हणाला. आईच्या तपासण्या सोमवारी असत, म्हणून सोमवारी तो दिसे. पुढे आई बरी झाली, तपासण्या संपल्या, तरी तो दिसेच.

"काल कसा होता कॅप्टन?"

"चालताना छान. बोलताना बेताचा."

"म्हणजे मुका असता तर—"

"तर मी लग्नच केलं असतं."

महादेव कपात बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. उर्मिलाला ते दिसलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

एका संध्याकाळी दोघं बसस्टॉपकडे जाताना भुरभुर सुरू झाली. छत्री एकच होती. "दादरला रघुवीरचा सत्कार आहे, मी जाणार," ती म्हणाली. "खरं सांगू? त्या हेल्मेटमधल्या माणसाच्या मी प्रेमातच पडलेय."

महादेव थांबला. छत्री तिच्याच डोक्यावर धरून, आपण भिजत.

"हेल्मेटमध्ये रघुवीर नसतो. त्याला गुदमरतं. आत मी असतो."

ती हसली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. "खिडकीशी उभे होतात, तेव्हा मनात काय होतं?"

"गिरणीचं गेट. काही जणांना आत घेतलं आणि आमच्यासमोर ते लावलं. आतून साचे सुरू झाल्याचा आवाज आला. डायरेक्टर म्हणाला, पृथ्वी सुटतेय असं समज... मला वेगळं काही समजावं लागलं नाही." मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका. काम जाईल."

बस आली. ती चढली. इतके दिवस ज्याचं कौतुक करत होती, तो समोर बसून ऐकत होता. त्या विचाराने तिला घरापर्यंत मान वर करवेना. पुढच्या सोमवारी तिने चहा लॅबमध्येच मागवला.

सत्काराला मात्र ती गेली. दादरचा हॉल मुलींनी भरला होता. एकीने खिडकीच्या प्रसंगाबद्दल विचारलं. रघुवीर म्हणाला, "तो क्षण मी जगलो."

टाळ्या पडल्या. उर्मिलाने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून महादेव उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

तिने हात वर केला. माईक हातात आला. महादेवचे हात थांबले. एका वाक्यात सगळं उघड करता आलं असतं, ओठांवर आलंही होतं.

"मला विचारायचं काही नाही," ती म्हणाली. "त्या खिडकीशी जो माणूस उभा होता, त्याच्यावर माझं प्रेम आहे. एवढंच सांगायला आले."

हॉल हसला, कुणी शिट्टी मारली. रघुवीरने हात जोडून मान लववली, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

महादेव तिला बाहेर जिन्याशी भेटला.

"सगळ्यांसमोर बोललात..."

"कळलं कुणाला? आणि तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

"मला बोलायला कधी वाक्यच देत नाहीत," तो म्हणाला. "आवाज नंतर रघुवीरचा लावतात."

"इथे रघुवीर नाहीये. बोल."

ती पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलली होती. त्याने बोलायला सुरुवात केली, अडखळला, "म्हणजे मी..." म्हणून परत पहिल्यापासून म्हणाला, आणि तिचं नाव शेवटी आलं. अभिनय म्हणून पाहिलं तर अगदीच कच्चं काम. उर्मिलाने ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि पहिल्यांदाच तिला काही मत द्यावंसं वाटलं नाही.