सातेरीची शेकोटी

सांगला खोऱ्यातली सफरचंदं उतरवून झाली, की यंगचेन नेगी मधपेट्यांच्या तयारीला लागत. यंदाही त्यांनी पेट्यांची दारं अरुंद केली, रिकाम्या चौकटी काढून तिथं वाळलेलं गवत दाबून भरलं आणि आत ओल साचू नये म्हणून पेट्या किंचित पुढे झुकवल्या. एक पेटी मात्र त्यांनी ठेवून दिली होती. तिच्यासाठी रेवती ढमाले येणार होती.

रेवती मूळची महाबळेश्वरजवळची, मधमाश्यांवर संशोधन करणारी. तिनं पिशवीतून पोळ्याच्या आकाराची, मेणाचा थर दिलेली एक पातळ पाटी काढली. पाटीचं नाव तिनंच ठेवलं होतं, शेकोटी.

"दीदी, माश्या कमी म्हणून ही पेटी दुसरीत मिसळली नाहीत ना?"

"मिसळायची तर एक राणी मारावी लागते," यंगचेन म्हणाल्या. "आणि ही राणी मला मारायची नाही."

रोगानं खोऱ्यातल्या सातेरी मधमाश्या जवळजवळ संपवल्या होत्या. फुलोऱ्यावर पराग शिंपडायला आता ड्रोन फिरत. बाकीच्या पेट्यांत बाहेरून आणलेल्या माश्या होत्या; इथल्यांपैकी या एका राणीची प्रजा तेवढी रोगाला पुरून उरली होती. पण पेटीत माश्या राहिल्या होत्या जेमतेम दोन मुठी. हिवाळ्यात मधमाश्या झोपत नाहीत. राणीभोवती घट्ट गोळा होऊन त्या अंग थरथरवत राहतात आणि त्या थरथरीतून ऊब निर्माण होते. कडेची माशी गारठली की तिला आत जागा मिळते, आतली कडेला जाते. इतक्या थोड्या माश्यांना हे झेपणारं नव्हतं.

"ही पाटी त्यांच्यासारखीच थरथरते, तापते," रेवती चौकट बसवत म्हणाली. "माश्या गारठू लागल्या की जोर वाढवते."

"आणि बंद पडली तर?"

"छपरावर सौरपट्टी आहे. नाही पडणार."

पाऊस-वारा गेला, बर्फ आला. रेवती खाली रेकाँग पिओला राहून फोनवर पेटीचं तापमान पाहत असे. माश्यांनी पाटीला आपल्यात घेतलं होतं. सगळं तिच्या अंदाजाप्रमाणे चाललं होतं. आणि जानेवारीत डोंगरावरून हिमलोट कोसळला. सौरपट्टी गाडली गेली, बागेची वाट बुजली. तापमानाचा आकडा उतरत उतरत गेला आणि पडदा कोरा झाला.

तिनं यंगचेनना फोन लावला. "दीदी, वर जाता येईल?"

"छातीभर बर्फ आहे. कुणी जाऊ शकत नाही."

"मिसळायलाच हवी होती ती पेटी. माझा हट्ट नडला."

"हट्ट दोघींचा होता," यंगचेन शांतपणे म्हणाल्या. "गवत कोरडं आहे, मध भरपूर ठेवलाय, दार वाऱ्याच्या पाठीला आहे. आपलं काम आपण नीट केलंय, रेवती. आता त्यांचं त्यांना करू दे."

वाट मोकळी झाली ती मार्चमध्ये. दोघींनी फावड्यानं बर्फ उपसला. यंगचेननी पेटीला कान लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. आतून गुणगुण येत होती.

रेवतीनं झाकण उचललं. माश्या कमी झाल्या होत्या, पण जिवंत होत्या. राणी मधल्या पोळ्यावर फिरत होती, तिच्या आसपास नवी अंडीही दिसत होती. यंगचेननी रेवतीचा खांदा घट्ट धरला. दोघी हसल्या.

मग रेवतीनं पाटी तपासली. बॅटरी पार संपलेली; पाटी विझून कित्येक आठवडे झालेले. तरी तिच्यावर मूठभर माश्या चिकटून होत्या, अंग थरथरवत. तिथं ना राणी, ना अंडी, ना मधाचा थेंब. रेवतीनं हातमोजा काढून बोट टेकवलं.

पाटी ऊबदार होती.

"मधमाश्या मेलेली माशी पेटीत ठेवत नाहीत," ती पुटपुटली. "ओढून बाहेर टाकतात."

"मग हिला मेलेली नाही समजल्या," यंगचेन म्हणाल्या. "गारठलेली समजल्या. स्वतःच्या घासातला मध जाळून ऊब दिली तिला."

रेवती बराच वेळ वाकून पाहत राहिली. ऊन आलं होतं. खालच्या बागांत जर्दाळूच्या कळ्या फुगल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात अशा पाट्या खोरंभर बसवायच्या, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

"हिवाळा संपला की हिला काढायचं ठरलं होतं ना?" यंगचेननी विचारलं.

"हो, काढायचीय," रेवती म्हणाली, पण तिचा हात चौकटीवरच थबकला. "फक्त त्यांना कसं सांगायचं, दीदी, की जिला त्यांनी वाचवलं, ती कधी जिवंतच नव्हती?"