ओळखदिवा

तृप्ती मगदूमची बदली संध्याकाळच्या पाळीवर झाली, त्याच आठवड्यात ती सायकलसाठी दिवे घ्यायला जिनदत्तअण्णांच्या दुकानात गेली. मिरजेच्या एका रुग्णालयात ती डायलिसिसची यंत्रे सांभाळत असे. घर शहराबाहेर नऊ किलोमीटरवर, मळ्यात. त्या रस्त्यावरचे विजेचे खांब तीन वर्षांपूर्वी काढून टाकले होते. रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या आता आपल्या आपण चालत, आणि त्यांना बघण्यासाठी उजेड लागत नसे.

"तुला बघायचंय की दिसायचंय?" अण्णांनी विचारले.

"म्हणजे?"

"खड्डा बघायचा असेल तर हा घे. चारशे ल्युमेन. झोत खाली पडतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही. पकड पक्की आहे, खडी लागली तरी मान टाकत नाही. चार्जिंग चार तास टिकतं, थंडीत तीन धर." त्यांनी दुसरी, काडेपेटीएवढी काळी डबी काउंटरवर ठेवली. "आणि गाड्यांना दिसायचं असेल तर हा. ओळखदिवा."

तृप्तीने तो चालू केला. काहीच पेटले नाही.

"पेटलाय. आपल्याला दिसत नाही," अण्णा म्हणाले. "अवरक्त किरण आहेत. सेकंदाला पाचशे वेळा लुकलुकतो आणि गाडीला सांगतो, इथे माणूस आहे, सायकलवर आहे, इतक्या वेगाने चाललाय. गाडी दोन मीटर सोडून जाते. अजून सक्ती नाही, पण बहुतेक सगळे हाच नेतात."

"आणि तुम्ही काय लावता?"

"मी दोन्ही लावतो. पण मला अंधारात भीती वाटते, तो भाग वेगळा."

तृप्तीने ओळखदिवा घेतला. पुढे लावायला घरात एक जुना, मिणमिणता दिवा होता. रस्ता पाठ होता, तेवढा पुरेल असे तिला वाटले.

पहिले काही दिवस मागून गाडीची घरघर आली की तिचे खांदे आखडत. गाडी मात्र दरवेळी आधीच उजवीकडे सरके आणि मोजून घेतल्यासारखे अंतर ठेवून पुढे जाई. महिन्याभरात तिने मागे वळून बघणे सोडले. दुसऱ्या महिन्यात ती सायकल चालवताना गाणे गुणगुणू लागली. आपण रस्त्यावर इतके निर्धास्त कधी नव्हतो, असे तिने नवऱ्याला सांगितलेही.

डिसेंबरात एका गुरुवारी तिला लवकर सुट्टी मिळाली. साडेसात वाजले होते. समोरून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, दस्तगीरचाचा येत होते. मळ्यांतले दूध गोळा करून ते रोज याच वेळी सायकलवरून डेअरीकडे जात. त्यांच्या हँडलला डायनामोचा पिवळा दिवा होता. तो तृप्तीला लांबूनच ओळखता आला.

मागून भाजीचे क्रेट नेणारी एक बिनमाणसांची गाडी आली. तृप्तीच्या मागे ती नेहमीसारखी उजवीकडे सरकली आणि दोन मीटर सोडून तशीच पुढे गेली. वेग कमी झाला नाही. मग पत्रा चेपल्याचा आवाज झाला, आणि पिवळा दिवा विझला.

चाचा चरीत पडले होते. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. तृप्तीने ओढणीने आणि सायकलच्या पंपाने पाय बांधला. गाडी थोड्या अंतरावर थांबली होती आणि मदत बोलावल्याचे शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती.

"तुला चुकवायला गेली गं ती," रुग्णवाहिकेत चाचा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. त्यांनी जे पाहिले ते सांगितले, इतकेच. तृप्तीला त्या रात्री झोप आली नाही.

आठ दिवसांनी चौकशीची नोंद आली. चाचांच्या मुलाने ती तृप्तीला वाचायला दिली. गाडीने त्या क्षणी दोन गोष्टी टिपल्या होत्या. डावीकडे : माणूस, खात्री शंभर टक्के. उजवीकडे : वस्तू, माणूस असण्याची शक्यता अकरा टक्के.

तृप्ती ती नोंद घेऊन अण्णांकडे गेली. त्यांनी दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"चाचांचा दिवा मी स्वतः बसवलाय. अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो," ते म्हणाले.

"आपल्याला दिसतो, अण्णा. गाडीला काय दिसतं ते बघूया."

दोघांनी एक जुनी सायकल घेतली, तिच्यावर पेंढा भरलेल्या कपड्यांचा बाहुला बसवला आणि ती रस्त्याच्या कडेला, डांबराबाहेर उभी केली. अण्णांनी अंतर मोजायचे यंत्र झुडपात लावले. तृप्तीने रजा घेतली आणि चार संध्याकाळी त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या. ओळखदिवा लावला की गाड्या दोन मीटर सोडून जात. नुसता चारशे ल्युमेनचा दिवा लावला की एक मीटर. डायनामोचा दिवा लावला की सत्तर सेंटिमीटर. चौथ्या दिवशी पलीकडच्या कडेला तृप्ती ओळखदिवा लावून उभी राहिली, तेव्हा बाहुल्याच्या बाजूचे अंतर तीस सेंटिमीटरवर आले.

अण्णांनी आकडा वहीत लिहिला. तृप्तीने डबीचे बटण दाबून ती बंद केली. पुढची गाडी तिच्याजवळून गेली तेव्हा ओढणी हलली.

त्यांनी वही वाहतूक खात्याकडे पाठवली. दहा दिवसांनी रिद्धी वालावलकर नावाची अभियंता दुकानात आली. तिने बाहुल्यासकट सगळा प्रयोग पुन्हा केला. आकडे तेच आले.

"हे गाड्यांना कोणी शिकवलं?" तृप्तीने विचारले.

"कोणीच नाही," रिद्धी म्हणाली. "गाड्या रोजच्या अनुभवावरून स्वतःच शिकतात. रस्त्यावर ओळखदिवे वाढत गेले. जिथे माणूस, तिथे दिवा, असं लाखो वेळा दिसलं. मग जिथे दिवा नाही, तिथे माणूस नसणार, असं त्या धरून चालल्या."

"म्हणजे आम्ही जितके दिवे लावले..."

"तितके बाकीचे पुसट होत गेले. हो."

"मग हे त्यांच्या डोक्यातून काढता येईल?"

"येईल. पण सगळ्या गाड्या नव्याने शिकवायच्या, तर दीड-दोन वर्षं लागतील. तोपर्यंत खात्याने सोपा उपाय ठरवलाय. या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला एक ओळखदिवा फुकट."

वाटप रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात झाले. गाव ओळखीचे म्हणून याद्या करायला तृप्तीलाच बसवले होते. ज्यांच्या घरी सायकल नव्हती, त्यांना खिशाला अडकवायची डबी मिळाली. लोक ती उलटसुलट करून बघत, काहीच पेटत नाही म्हणून परत आणत, आणि तृप्ती प्रत्येकाला समजावून सांगे.

अकराच्या सुमारास दस्तगीरचाचा कुबड्या टेकत आले. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. तृप्तीने त्यांना खुर्ची दिली, त्यांचे नाव शोधले आणि डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. चाचांनी ती बराच वेळ पाहिली.

"घराला एकच?"

"एकच, चाचा."

"घरात आम्ही सहा. थोरला डेअरीत दूध घालतो. सून अंगणवाडीत जाते. नात सायकलवरून शाळेत. धाकटी रस्त्यापलीकडच्या नळावर खेळते, सांगून ऐकत नाही. दोन म्हशी रोज रस्ता ओलांडतात." त्यांनी डबी टेबलावर परत ठेवली. "तू शिकलेली आहेस पोरी, तूच सांग. हा मी कोणाला लावू?"

यादीत नावासमोर एकच रकाना होता. तृप्तीने पेन उचलले आणि त्या रकान्यात लिहिले : माणसे सहा, दिवा एक.