वळणावरचं पाऊल

लाल खडकांच्या मुलखात एक होती यानाबा, एक तिचा नवरा होस्की, एक तिची म्हातारी आई. आणि होत्या बरगड्या दिसायला लागलेल्या मेंढ्या. पाऊस रुसला होता. असंच चाललं तर मेंढ्या विकायच्या नि शहराची वाट धरायची, असं ठरत आलं होतं.

कुरणाच्या खाली पाण्यानं खडक कोरून केलेली घळ होती, खांदे घासत जावं इतकी अरुंद. भर दुपारी वरच्या फटीतून उन्हाचा एकच खांब खाली उतरायचा.

"त्याचा फोटो काढ," होस्की म्हणाला. "दुकानदार दारात लावतो म्हणालाय. बघायला माणसं आली, तर इथंच राहू."

"घळीच्या तोंडाशी थांबून आपलं कूळ सांग हो," आई म्हणाली.

"घळीला कूळ कशाला, आई? सोयरीक जुळवायचीय का?"

"होस्कीला आधी कूळच विचारलंस ना? मग तीही विचारेल."

पण ऊन सरकेल या घाईत यानाबा तशीच आत शिरली.

आत गारवा होता. कोरड्या वाळूला ओल्या मातीचा वास येत होता. उन्हाचा खांब उतरला. तिनं फोटो काढला. तेवढ्यात पुढच्या वळणामागं कुणीतरी खाकरलं, म्हातारं माणूस खाकरतं तसं.

"कोण आहे?"

तिला राहवेना. ती वळणापर्यंत गेली. तिथं कुणी नव्हतं. गुळगुळीत वाळूत मऊ चामडी जोड्याचं एकच पाऊल उठलेलं, टोक तिच्याकडं.

"कुणाची गं तू...?" अगदी कानाशी, म्हातारीचा आवाज.

यानाबानं घाईनं कूळ सांगितलं. "मी... कडू पाण्याच्या कुळातली. बाप मीठ-कुळाचा..."

आवाज मऊ झाला.

"मग माझीच नात की. निघ, बाळ... पाणी येतंय."

फटीतलं आभाळ निळंशार होतं. तरी ती पळत सुटली. घळीबाहेर कड्यावर पोचते न पोचते तोच, लांबच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं तांबडं पाणी गर्जत घळीत भरलं.

"कोण होती गं ती?" घरी सगळं सांगून तिनं विचारलं.

आईनं चुलीवरची भाकरी उलटली. "गेलेल्यांचं नाव घेत नसतात."

फोटो दुकानात लागला, गाड्या भरून माणसं यायला लागली. मेंढ्या राहिल्या, घर राहिलं, शहर राहिलं शहराच्या जागी. आता यानाबाच लोकांना घळ दाखवते. पूर येतो, वाळू धुऊन सपाट करून जातो. ओसरल्यावर पहिल्यांदा आत जाते ती यानाबाच, तोंडाशी आपलं कूळ सांगून. वळणावर ते एक पाऊल असतंच, टोक तसंच बाहेरच्या वाटेकडं.