न उघडलेला टप्पा

"राघव गायब झालाय," खुर्चीत नीट बसण्याआधीच मुरलीधर म्हणाला. "आणि जिथून तो गेला, तिथून कोणी गायब होऊच शकत नाही."

दिल्लीच्या पहाडगंजमधल्या त्या माडीवर खालच्या घाऊक दुकानांचा गलका येत होता. खासगी गुप्तहेर वैजयंती दाभाडेने खिडकी लावून घेतली. आयटीतली नोकरी सोडून तिच्या हाताखाली आलेला भाचा मानस कान देऊन बसला.

मुरलीधर महामार्ग बांधणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता अधिकारी होता, राघव बाहेरचा तपासणी इंजिनिअर. देशभर टोलच्या द्रुतगती मार्गांचं जाळं विणलं जात होतं. त्यातला एक नवा टप्पा उद्या सकाळी खुला व्हायचा होता. राघवने होकार दिला तरच.

"काल पाहणी करून माझ्या गाडीतून परत येत होतो. वाटेत रस्त्यालगतच्या विश्रांतीथांब्यावर मी टायरमध्ये हवा भरून घेत होतो. वळून बघतो तर राघव नाही, त्याची निळी बॅगही नाही. फोन मात्र सीटवर."

"दुसऱ्या गाडीत बसला असेल," मानस म्हणाला.

"दोन्ही बाजूंना कुंपण आहे. बाहेर पडायचं तर टोलनाक्यावरूनच. सगळं फुटेज आमच्या माणसांनी तपासलं. तो कुठेच नाही."

"आणि तो नवा टप्पा?" वैजयंतीने विचारलं.

"तिथे बॅरिकेड आहे, टोलचे कॅमेरे उद्या सुरू होतील. पाहणीच्या पासाशिवाय कोणाला सोडत नाहीत." तो पुढे झुकला. "मॅडम, त्याचं घरी भांडण झालं होतं. जिवाचं बरंवाईट करून घेईल. पोलिसांत गेलो तर बोभाटा होईल. मित्र आहे माझा."

"बॅगेत काय आहे?"

"कागद असतील." दाराशी जाऊन तो थबकला. "सापडली तर एकट्याने उचलायला जाऊ नका. मला बोलवा."

गुरुग्रामच्या उंच सोसायटीत राघवच्या बायकोने, सुखदाने, दार अर्धवटच उघडलं. राघवचं नाव ऐकताच तिने विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मुरलीधरांनी. तुमचं भांडण झालं होतं?"

"झालं होतं. सही करून मोकळा हो, असं मी म्हणत होते."

"कसली सही?"

"ते त्यालाच विचारा," ती म्हणाली आणि दार लागलं.

गाडीतून परत दिल्लीकडे जाताना मानस सारखं घड्याळ बघत होता. सगळ्या गाड्या आपल्यालाच मागे टाकून चालल्यात असं त्याला वाटत होतं. "मावशी, तिकडे माणूस जिवाला मुकेल आणि आपण घरोघर हिंडतोय."

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्ससमोर राघवची सहकारी कृतिका गाडी पुसत होती.

"काल? काल तर मी घरीच होते, यार. सुट्टी घेतली होती."

"एरवी पाहणीला राघवबरोबर कोण जातं?"

"मीच."

मागच्या सीटवर चार करडी वर्तुळं उमटली होती, डब्याच्या बुडाएवढी. मानसने बोट फिरवलं तर पीठ लागल्यासारखं झालं.

"टिफिन ठेवले होते," कृतिका घाईने म्हणाली.

वैजयंती तिच्याशी बाजूला जाऊन हलक्या आवाजात बोलली. मानसला काही ऐकू आलं नाही. कृतिका मात्र फडकं टाकून फोन करायला आत गेली.

संध्याकाळी मुरलीधर पुन्हा माडीवर आला. "सापडला?"

"राघव सुखरूप आहे. तो तुमच्यापासून पळाला," वैजयंती म्हणाली.

मानसने मावशीकडे पाहिलं.

"नवरा बेपत्ता असलेली बाई आधी विचारते, सापडला का? सुखदाने विचारलं, कोणी पाठवलं? वर म्हणाली, त्यालाच विचारा. म्हणजे तो कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. उरला कुंपणाचा प्रश्न. पाहणीचा पास दोघांकडे होता, राघवकडे आणि कृतिकाकडे. तुमचं लक्ष टायरकडे असताना तो बॅग घेऊन, ठरल्याप्रमाणे तिथे थांबलेल्या तिच्या गाडीत बसला. न उघडलेल्या टप्प्यावरून दोघं निघून गेले. तिथे ना टोल, ना कॅमेरा. फोनवरून माग निघू नये म्हणून तो मुद्दाम सीटवर ठेवला."

"पण का?" मानसने विचारलं.

"ती वर्तुळं टिफिनची नव्हती. टिफिनला सिमेंटची पूड लागत नाही. नव्या टप्प्यावरच्या पुलाच्या काँक्रीटमधून तपासणीसाठी कापलेले चार गोल तुकडे बॅगेतून काढून सीटवर उभे ठेवले होते. यांनी मात्र सांगितलं, बॅगेत कागद असतील. मग कागदांची बॅग एकट्याने का उचलायची नाही? यांना राघव नको होता, हे तुकडे लॅबमध्ये जाण्याआधी हवे होते."

खाली कोणीतरी टेम्पोचा हॉर्न सारखा वाजवत होतं.

वैजयंतीचा फोन वाजला. कृतिकाचा होता. तिने तो स्पीकरवर टाकला.

"लॅबमध्ये चारही तुकडे सोसायला हव्या त्या भाराच्या निम्म्यालाच फुटले. उद्याचं उद्घाटन रद्द."

मुरलीधरने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "मला कंपनीतून सांगितलं होतं, तारीख चुकली तर घरी बस. मग काँक्रीट पक्कं आहे म्हणून मी सही केली. राघवशी बोलता येईल का?"

पलीकडे कुजबुज झाली. मग राघवचाच थकलेला आवाज आला. "मुरली, तुझी सही आणखी कुठल्या पुलांवर आहे?"

मुरलीधरने एका पुलाचं नाव घेतलं. तो पूल केव्हाच खुला झाला होता. मानस त्याच्यावरून दोनदा आग्र्याला गेला होता.

"अजून?" राघवने विचारलं.

मुरलीधर सांगत गेला. वैजयंतीने मानसचा फोन ओढून घेतला आणि वाहतूक पोलिसांचा नंबर लावला.