पाचवं ताट

प्रभाताईंना कुणालाही जेवायला बोलवायची खोड होती. हातात पहिला घास असताना समोर माणूस दिसला, की त्या म्हणणारच, "या जेवायला." वाईला हे खपून जायचं, कारण तिथे समोरचाही "होऊ द्या निवांत" म्हणून पुढे निघतो. पण मुलाकडे आयर्लंडात डून लेरीला आल्यापासून त्यांनी पार्सलवाल्याला बोलावलं, शेजारच्या नोराबाईला बोलावलं, आणि डार्ट नावाच्या लोकल गाडीत डबा उघडून समोरच्या टायवाल्या गृहस्थालाही बोलावलं. तो बिचारा "ग्रँड, ग्रँड" म्हणजे "ठीक आहे, ठीक आहे" करत पुढच्या स्टेशनला उतरून गेला. त्यांची सून मृणालिनी हसून हसून बेजार झाली.

सात वर्षांची नात शर्वाणी मात्र आजीकडे टक लावून बघायची. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश हेलात. मृणालिनी वरवर त्याची थट्टा करायची. आतून तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

ईस्टरच्या सुट्टीत चौघं सिसिली बेटावर फिरायला गेली. मृणालिनीच्या नवऱ्याने, आशिषने, सँडीफोर्डच्या ऑफिसात बसून सगळा बेत आखला होता आणि खरं सांगायचं तर झकास आखला होता. सिराक्यूजचं दगडात कोरलेलं ग्रीक नाट्यगृह पाहून झालं, ओर्तीजाच्या बोळांतून पाय मोडेस्तोवर भटकून झालं. जुन्या देवळाचे खांब भिंतीत तसेच ठेवून चर्च बांधलंय हे कळल्यावर प्रभाताईंनी त्या खांबांनाच हात जोडले. कापोनाता नावाचा पदार्थ चाखून "आंबटगोड वांगीच की ही" असा निकाल दिला, आणि परत वाढून घेतला. शर्वाणीने गोड कानोली इतक्या हादडल्या की नाकाला साखर लागली. पोर खाण्यात पहिल्यापासून हावरी.

शेवटच्या दिवशी सगळी पांतालिकाला गेली. तिथे दरीच्या दोन्ही कड्यांना चौकोनी भोकं आहेत, हजारोंनी, मधाच्या पोळ्यासारखी. तीन हजार वर्षांपूर्वीची थडगी. आत आता कुणी नाही, असं आशिषने फोनवर वाचून सांगितलं. ऊन रणरणत होतं, म्हणून चौघं एका थडग्याच्या तोंडाशी सावलीला टेकली. भाड्याच्या घरात सकाळी तळलेल्या तिखटामिठाच्या पुऱ्या मृणालिनीने काढल्या. पाठीमागच्या अंधारातून गार हवा येत होती, तिला चुन्याचा आणि रानओव्याचा वास होता.

आसपास चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे प्रभाताईंना बोलवायला कुणी नव्हतं. शर्वाणीने पुरी उचलली, वळून त्या भोकात पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "या जेवायला."

मृणालिनीला कोण आनंद झाला. तिने झटकन फोन काढला आणि लेकीला परत म्हणायला लावलं. व्हिडिओत आजीचा पदर आडवा आला, म्हणून आणखी एकदा, मोठ्याने.

"पुरे गं," प्रभाताई चुळबुळल्या. "तीन-तीनदा आग्रह केला की माणूस येतो."

मृणालिनीने ते हसण्यावारी नेलं. परतीच्या विमानात तिने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवायला म्हणून वेगळा काढून ठेवला.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी शर्वाणीने भांड्यांच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, पाचवं ताट काढलं. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाहुणे आलेत." मराठीत म्हणाली. मृणालिनीला वाटलं, असतात मुलांचे असले खेळ, आणि खेळापायी पोर मराठी बोलतेय तर बोलू दे की. तिने हौसेने त्या ताटात वरणभात वाढला. शर्वाणी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नसतं, आजीनेच सांगितलंय, असं तिचं म्हणणं. आजीने सांगितलं होतं, खरंच.

ताटातला भात कमी होत नव्हता. वाळत होता. ज्या घरात धुतलेले मोजे दोन दिवस दमट राहतात, तिथे सगळ्यांची जेवणं होईस्तोवर ती शितं खडीसारखी कडक व्हायची. खुर्चीवर पांढरी भुकटी दिसायची. पुसली तरी दुसऱ्या दिवशी असायचीच.

शाळेतून डबा भरलेला परत यायला लागला. आतली पोळी मोडली की कडकन आवाज यायचा. आशिष चिडला, त्याने ती खुर्चीच बाहेर शेडमध्ये टाकली. शर्वाणीने पाचवं ताट जमिनीवर मांडलं आणि शेजारी मांडी घालून बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं व्यवस्थित आलं. हॉस्पिटलात नळीने अन्न दिलं, ते तिने उलटून टाकलं. आशिषने मुकाट्याने खुर्ची परत आणली. प्रभाताईंनी पाहुण्यांची पाठवणी करून पाहिली. ताटापाशी विडा ठेवला, नारळ ठेवला, रडत रडत नमस्कार केला. सकाळी विड्याचा भुगा झाला होता. नारळ हलवला तर आत पाणी नव्हतं.

आणि पोर दिवसेंदिवस सुंदर मराठी बोलायला लागली. मृणालिनीला ती भाषा ऐकवेना. तिने तो व्हिडिओ पुसून टाकला, रोज स्वतःला बोल लावला. मीच म्हणायला लावलं. मोठ्याने म्हण म्हणाले.

जून उजाडला. शर्वाणीला आता जिना चढवत नव्हता. शाळेचा स्वेटर तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं. बाहेर धक्क्याकडून सीगल ओरडत होते. ताटं मांडलेली होती, पाचही.

"अजून किती जेवणार गं ते?" मृणालिनीने विचारलं.

"खूप दिवसांचे उपाशी आहेत, आई."

"मग मी वाढते त्यांना. तू दोन घास खा. माझ्यासाठी खा, राणी."

"मी बोलावलंय ना. मीच थांबायला हवं."

मृणालिनी उठली. तिने लेकीला उचलून आशिषच्या मांडीवर दिलं, आणि लेकीच्या जागेवर स्वतः बसली. पोर किती हलकी झाली होती, हे तिच्या हातांना कळलं होतं. तिला आता कशाचीच भीती उरली नव्हती.

तिने घास उचलला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"या जेवायला."

प्रभाताईंनी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"या जेवायला. तिचे नाही, आजपासून माझे पाहुणे."

रानओव्याचा वास आला.

"या जेवायला."

समोरची खुर्ची जराशी सरकली. शर्वाणीपासून लांब, मृणालिनीच्या बाजूला.

मग शर्वाणीने बापाच्या ताटात हात घातला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग दोन्ही हातांनी खायला लागली. हनुवटीवरून वरण ओघळलं.

"मॅमी, कॅन आय हॅव मोअर?"

तोच आयरिश हेल. आशिष ढसाढसा रडायला लागला. प्रभाताई भात वाढत होत्या. मृणालिनी लेकीकडे बघत राहिली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

डोळे पुसून आशिषने तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"तूही घे गं आता. सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस."

तिच्या हातातला घास केव्हाच ताटात परत गेला होता. दोन्ही हात मांडीवर होते.

"घेते ना," ती म्हणाली. "त्यांचं होऊ दे."